आधी चुली मोजा, मग ट्रक मागवा: शहरात पुरानंतर गरज ठरवण्याची आणि मदत पोहोचवण्याची क्रमवार पद्धत

बेळगाव, निपाणी, गोकाक यांपैकी कुठल्याही शहरात पाणी शिरले की मदतीचा ओघ सुरू व्हायला वेळ लागत नाही. चुकतो तो क्रम. सामान आधी येते आणि ते कोणाला द्यायचे हे ट्रकच्या फाळक्यावर उभे राहून ठरते. मग ज्याचा आवाज मोठा त्याच्या घरी तीन किट आणि मागच्या बोळातल्या खोलीत एकही नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये हे झाले, २०२१ च्या जुलैतही झाले.

गल्लीतली मंडळे, पंच कमिट्या, महिला मंडळे, बचत गट आणि कॉलेजचे एनएसएसवाले यांच्यासाठी हा लेख आहे. एकच सूत्र शेवटपर्यंत धरून ठेवा: नुकसान आणि गरज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ज्याचे जास्त बुडाले त्यालाच जास्त मदत लागते असे नाही, आणि ज्याच्या घरात पाण्याचा थेंब आला नाही त्याची चूल विझलेली असू शकते.

खेड्यात हे त्या मानाने सोपे जाते. तलाठ्याला घरे माहीत असतात, गावाला माणसे माहीत असतात. शहरात एका दारामागे चार कुटुंबे राहतात, अर्धे लोक भाड्याने असतात, पाणी चढले की ते खानापूर, चंदगड, कोल्हापूरच्या नातलगांकडे निघून जातात आणि आपण गल्लीत पोहोचतो तेव्हा दाराला कुलूप असते. म्हणून गावाकडची पद्धत इथे जशीच्या तशी चालत नाही.

## १. पावसाआधीची तयारी: मे महिन्यात

पुरात नकाशा काढायला बसू नका. मे महिन्यातल्या दोन रविवारी हे काम होते.

गल्लीचा हाताने काढलेला नकाशा करा. त्यात नाला, गटारी, विहिरी, हेस्कॉमचे (वीज कंपनीचे) ट्रान्सफॉर्मर, शाळा, मंगल कार्यालय, दवाखाना, वाण्याची दुकाने आणि सखल भाग दाखवा. बेळगावातल्या वडगाव, शहापूर, खासबाग, अनगोळ, जुने बेळगाव या भागात बळ्ळारी नाल्याचे पाणी कुठून चढते हे वयस्कर शेतकऱ्यांना विचारा. मार्कंडेय नदीच्या काठाला राकसकोप धरणाचे दरवाजे उघडल्यावर किती वेळात पाणी येते ते तिथल्याच माणसाला माहीत असते. निपाणीकडे वेदगंगा, गोकाकला घटप्रभा. नदी कोणतीही असो, विचारायचे एकच: ‘पाणी आधी कोणाच्या दारात येतं?’

माणसे ठरवा. दोघांची जोडी, एक बाई आणि एक पुरुष, त्यातला एक त्या गल्लीतला आणि दुसरा बाहेरचा. गल्लीतला दार उघडून घेतो. बाहेरचा असला की भाऊबंदकी यादीत शिरत नाही. प्रत्येक जोडीत मराठी आणि कन्नड दोन्ही बोलणारे कोणीतरी हवे, आणि गरज असेल तिथे उर्दू. आपल्याकडे बाजारात सगळे सगळ्या भाषा बोलतात, पण आजारपण, कर्ज, पाळी या गोष्टी माणूस घरच्या भाषेतच सांगतो.

फॉर्म एका पानाचा ठेवा. मोबाइलवर भरायचा असेल तर कोबोसारखे फुकट मिळणारे, नेटवर्क नसतानाही चालणारे ॲप आधी शिकून घ्या. ते जमणार नसेल तर कागद, पेन्सिल आणि प्लॅस्टिकची पिशवी. पावसात पेनची शाई फुटते, पेन्सिल टिकते.

तपासा: वॉर्डाचे नगरसेवक, तलाठी, आशा आणि अंगणवाडी सेविका यांचे नंबर तीन वेगळ्या लोकांकडे आहेत का? एकाचाच फोन भिजला तर सगळे काम थांबते.

## २. पहिले तीन दिवस: सर्वेक्षण नको, नजरपाहणी

पाणी अजून गल्लीत आहे तेव्हा कोणाला ‘महिन्याची कमाई किती’ असे विचारू नका. या काळात निवड करायची नाही. बाधित भागात जो आहे त्याला शिजवलेले अन्न, पिण्याचे पाणी, कोरडी जागा. रेशनकार्ड विचारायचे नाही, नाव लिहिले तरी पुरे.

नजरपाहणी म्हणजे गल्लीतून एक फेरी आणि पाच-सहा जाणत्यांशी बोलणे: दुकानदार, आशा, पाणी सोडणारा कर्मचारी, शाळेचा शिपाई, एखादी घरकाम करणारी बाई. ती रोज चार घरांत जाते, तिच्याइतकी खरी माहिती पंचांकडेही नसते.

प्रमाण हाताशी असू द्या. जगभर मदतकार्यात स्फिअर या मदतसंस्थांच्या उपक्रमाची किमान मानके वापरतात: माणशी दिवसाला १५ लिटर पाणी, निवाऱ्यात माणशी साडेतीन चौरस मीटर जागा, वीस माणसांमागे एक शौचालय, माणशी दिवसाला २,१०० कॅलरी. म्हणजे ५,००० लिटरचा टँकर एका दिवसाला सुमारे ३३० माणसांना पुरतो. सहा मीटर बाय आठ मीटरच्या वर्गखोलीत १३ माणसे बसतात. आपण तिथे चाळीस कोंबतो आणि मग रात्री भांडणे का होतात म्हणून विचारतो.

शाळेत उघडलेले गंजी केंद्र, म्हणजे सरकारी निवारा केंद्र, यात सगळे पूरग्रस्त नसतात. शहरात निवारा केंद्रात थोडेच लोक येतात. बाकीचे माडीवर, शेजारी, मामाकडे असतात. केंद्रातली डोकी मोजून वॉर्डाची गरज ठरवली की बहुतेक माणसे पहिल्याच दिवशी गळतात.

सावधान: भिजलेले मीटर, मोटर, यंत्रमाग कोणालाही चालू करून बघू देऊ नका. ‘चालतंय का बघू’ म्हणून बटण दाबायची घाई जीवावर बेतते. हेस्कॉमचा माणूस येऊन बघेपर्यंत मुख्य स्विच बंद.

## ३. पाण्याच्या रेषेवरून पट्टे पाडा

पाणी ओसरले की भिंतीवर मातीची रेघ राहते. ती धुऊन जाण्याआधी खडूने खूण करा आणि टेपने मोजा. पाणी किती उंच आले आणि किती तास राहिले, या दोन गोष्टी प्रत्येक बोळासाठी लिहा. त्यावरून नकाशावर तीन पट्टे पडतात:

- पहिला: घरात पाणी शिरले.
- दुसरा: घर कोरडे, पण रस्ता, वीज, नळ बंद.
- तिसरा: सगळे कोरडे, पण कमाई पहिल्या पट्ट्यातून.

तिसरा पट्टा जवळजवळ प्रत्येक जण विसरतो. खासबागेत मागाच्या कारखान्यात पाणी शिरले. त्यावर काम करणारा कामगार दोन किलोमीटरवर उंचावर भाड्याच्या खोलीत राहतो. त्याच्या घरी कोणीच जात नाही, कारण तिथे चिखल नाही. बाजारात हातगाडी लावणारा, हमाल, रोजावर जाणारा गवंडी, सगळे याच पट्ट्यात. या भागात दारोदार जायची गरज नाही. कारखानदार, मुकादम, हमालांचा मेट यांच्याकडून कामगारांची नावे घ्या आणि मग प्रत्यक्ष भेटा.

## ४. चुली मोजा

हा सगळ्यात महत्त्वाचा टप्पा, आणि नेमका तोच वगळला जातो. प्रत्येक दारात पहिला प्रश्न: ‘या दाराच्या आत किती चुली पेटतात?’ जिथे स्वयंपाक वेगळा, ते कुटुंब वेगळे. मालक एक, घरपट्टी एक, मीटर एक असले तरी चुली चार असू शकतात.

बाहेर उभे राहून विचारले तर खरे उत्तर मिळत नाही. संवाद साधारण असा होतो:

‘काकू, घरात किती कुटुंबं?’
‘एकच की. आम्हीच.’
‘मागं परसात दोरीवर कपडे दिसतायत लहान बाळाचे.’
‘ते होय, ते भाड्यानं हाईत. त्यांचं कशाला लिवतासा?’

त्यांचेच लिहायचे असते. मागच्या परसातल्या पत्र्याच्या खोल्या, जिन्याखालची खोली, गच्चीवरची शेड, बांधकामाच्या जागेवरची मजुरांची पालं, दुकानामागे झोपणारे कामगार, पेइंग गेस्ट मुली: दारावरची पाटी वाचून यांतले कोणीच सापडत नाही. प्रत्येक घराला पूर्ण वळसा घाला.

तयार याद्या वापरायचा मोह आवरा. प्रत्येक यादीत वेगळे भोक आहे. रेशनकार्डाच्या यादीत दुसऱ्या तालुक्यातून आलेले नसतात, आणि वेगळे राहू लागलेल्या मुलाचे नाव अजून बापाच्याच कार्डावर असते. मतदार यादीत भाडेकरू जुन्या पत्त्यावर. गणेशोत्सव मंडळाची वर्गणीची वही त्यातल्या त्यात बरी, कारण ती दरवर्षी घरोघरी फिरून होते. पण वर्गणी न देणारा त्यात नाही, आणि तो न देण्यामागे बहुधा कारण असते. या याद्या तपासणीला वापरा, पाया म्हणून नको.

कुलूप असलेल्या घराला वगळू नका. शेजाऱ्याकडून नंबर घ्या, ‘गेलेले’ असा शिक्का मारून वेगळ्या पानावर लिहा, फोन करा. हे लोक साधारण आठवड्याने घर धुवायला परत येतात आणि तोवर वाटप संपलेले असते.

तपासा: संध्याकाळी दुसऱ्या जोडीने सकाळच्या गल्लीत दहापैकी एक दार पुन्हा ठोठवावे. चुलींचा आकडा जुळला नाही तर ती गल्ली परत मोजा. कंटाळवाणे आहे, पण याच एका तपासणीने सगळ्यात जास्त चुका सापडतात.

## ५. काय विचारायचे, कोणाला, कोणत्या क्रमाने

गल्ली लहान असेल, शंभरेक चुली, तर प्रत्येकीशी बोला. भाग मोठा असेल तर एकूण गरजेचा अंदाज घेण्यासाठी दर पाचवी चूल पुरे. मात्र सुरुवात कुठून करायची हे चिठ्ठी टाकून ठरवा. नाहीतर जोडी रस्त्यालगतची, चहा देणारी घरे निवडते. नमुन्यावरून अंदाज निघतो, लाभार्थ्यांची यादी निघत नाही. त्यासाठी पहिल्या पट्ट्यातली प्रत्येक चूल गाठावीच लागते.

आधी सांगा: आपण कोण, कशासाठी विचारतो, आणि यादीत नाव आले म्हणजे मदत मिळेलच असे नाही. हे शेवटचे वाक्य तोंडातून निघायला जड जाते. ते गिळले की पुढच्या आठवड्यात तीच बाई रस्त्यात अडवते, आणि तिचे बरोबर असते.

मग या क्रमाने:

१. घरात किती माणसे, वये, कोणी आजारी, गरोदर, अंथरुणाला खिळलेले, अपंग.
२. पाणी किती आले, किती वेळ. अंथरूण-पांघरूण, धान्य, गॅस शेगडी यांपैकी काय वापरण्याजोगे उरले.
३. काल घरात काय शिजले? आज काय शिजणार?
४. पुरापूर्वी पैसे कशातून येत होते? ते काम आता कधी सुरू होईल?
५. गेल्या आठवड्यात पैसे कुठून आणले?
६. आज हातात काही द्यायचे झाले तर आधी काय लागेल?

तिसरा आणि पाचवा प्रश्न खरे सांगून जातात. ‘गरज आहे का’ असे विचारले की सगळेच हो म्हणतात. ‘काल काय शिजलं’ याला खोटे उत्तर सुचायला वेळ लागतो. पाचव्यात उत्तरांची एक उतरंड असते: वाण्याची उधारी, भिशी उचलली, सोने गहाण टाकले, कामाचे यंत्र किंवा शिलाई मशीन विकले, पोराला शाळेतून काढून कामाला लावले. उधारी ही नेहमीची गोष्ट. मशीन विकले असेल तर तिथे घाई करा, कारण त्या घराची पुढची कमाईही गेली.

बायकांशी बायकांनीच, आणि शक्यतो वेगळे बोलावे. सॅनिटरी पॅड, अंतर्वस्त्रे, बाळाचे दूध, रात्री शौचालयाला जाण्याची भीती या गोष्टी घरातल्या कर्त्याच्या तोंडून कधीच येत नाहीत. कर्ता ताडपत्री मागतो.

सावधान: आधारकार्डाचे फोटो गोळा करू नका. किट वाटायला आधार लागत नाही. नाव, मोजताना चुलीला दिलेला क्रमांक, फोन पुरे. भरलेल्या याद्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकल्या की कोणाच्या घरी एकटी बाई आहे, कोण कर्जात आहे, हे सगळ्या गावाला कळते.

## ६. बाजार बघा, मगच वस्तू की पैसे ते ठरवा

शहरात पाणी ओसरल्यावर तीन-चार दिवसांत दुकाने उघडतात. तरी आपण तांदळाची पोती लांबून आणतो आणि शेजारचा वाणी गिऱ्हाइकाची वाट बघत बसतो.

गल्लीतली तीन-चार दुकाने आणि रविवार पेठेतले एक-दोन ठोक व्यापारी यांना विचारा: तांदूळ, तूरडाळ, तेल, साबण यांचा भाव पुरापूर्वी काय, आज काय, माल किती दिवस पुरेल, नवा माल येतोय का. निपाणीजवळ यमगर्णीला महामार्ग बंद झाला की कोल्हापूरकडचा माल थांबतो, हे २०१९ मध्ये सगळ्यांनी पाहिले. तेव्हा हुबळीकडून काय येते ते विचारा.

भाव साधारण तेवढेच आणि माल आहे, तर पैसे किंवा वाण्याची कुपने द्या. कुटुंबाला काय हवे ते कुटुंब ठरवते: कोणाला औषध, कोणाला भाडे. भाव चढले असतील किंवा माल नसेल तर वस्तू द्या. पत्रे, ताडपत्री, गादी यांना गल्लीच्या दुकानात पुरवठा नसतो. त्या वस्तूच द्याव्या लागतात.

जुन्या कपड्यांबद्दल स्पष्टच लिहितो: मागवू नका. ढीग शाळेच्या व्हरांड्यात कुजतो आणि शेवटी पालिकेची गाडी तो उचलते. लोकांना नवे टॉवेल, चादरी, अंतर्वस्त्रे लागतात.

## ७. निकष ठरवा आणि आधी जाहीर करा

निकष सामान येण्याआधी, नावे न बघता ठरवा. नावे समोर ठेवून निकष ठरवले की ते नावांना बेतून शिवले जातात.

गल्लीला पेलेल असा नऊ गुणांचा तक्ता:

- घरात पाणी: गुडघ्यापर्यंत १, त्यावर २
- धान्य, अंथरूण वापरण्याजोगे नाही: १
- कमाई बंद, पंधरा दिवसांत सुरू होण्याची चिन्हे नाहीत: २
- कमावता एकच किंवा एकही नाही: १
- गरोदर, तान्हे बाळ, अपंग, अंथरुणाला खिळलेले: प्रत्येकी १, जास्तीत जास्त २
- भाडेकरू, किंवा घराचे कागद नाहीत: १

वडगावातले नेहमीचे एक घर घेऊन बघा. तळमजल्यावर मालकाचे दोन यंत्रमाग, मागच्या खोलीत मागकामगाराचे कुटुंब, पहिल्या माडीवर मालक, गच्चीच्या खोलीत खानापूरकडच्या तीन कॉलेजच्या मुली. तळमजल्यावर कमरेएवढे पाणी.

कामगार: पाणी २, धान्य भिजले १, माग बंद म्हणून कमाई बंद २. बायको घरी कांड्या भरते, म्हणजे कमावते दोघे, तिथे ०. ती गरोदर १. भाडेकरू १. एकूण ७.

मालक: राहत्या घरात पाणी नाही ०, धान्य कोरडे ०, कमाई बंद २, कमावता एकटा १, आई अंथरुणाला १. एकूण ४. रुपयांत बघितले तर सगळ्यात मोठे नुकसान याचेच: दोन्ही मोटरी, बीमवरचे सूत, तयार साड्या. पण त्याला धान्याचे किट देऊन काय उपयोग? त्याला मोटर दुरुस्त करणारा वाइंडिंगवाला आणि पंचनामा हवा. आणि त्याचा माग सुरू झाला तर खालच्या कुटुंबाची कमाई सुरू होते, हेही लक्षात घ्या. म्हणून त्याचे नाव धान्याच्या यादीतून काढा आणि रोजगाराच्या यादीत घाला.

मुली: भाडेकरू १. त्यांची खानावळ बंद होती तेव्हा पहिल्या तीन दिवसांत जेवण मिळाले, तेवढे पुरे.

गुण हे फक्त चाळणी आहेत. सहा किंवा जास्त गुण असलेल्यांना आधी, तीन ते पाच यांचा प्रत्येकी विचार, खालचे थांबतील. मधल्या गटातच चुका होतात. त्यासाठी पाच जणांची बैठक घ्या, त्यात निदान दोन बायका आणि एक भाडेकरू. कोणाच्या नात्यातले नाव निघाले तर त्याने त्या वेळेपुरते बाहेर जावे.

दोन प्रकारच्या चुका होतात: नको त्याला मिळणे आणि हव्या त्याला न मिळणे. सगळे पहिलीच्या मागे लागतात, कारण ती दिसते. माझ्या मते दुसरी जास्त वाईट. एखादे किट चुकीच्या घरी गेले तर ते खाल्लेच जाते.

## ८. निकष वाचून दाखवा, हरकती घ्या

देवळाच्या किंवा समाजमंदिराच्या कट्ट्यावर, मशिदीजवळ, अंगणवाडीत, तिन्ही भाषांत निकष वाचा. नावांऐवजी चुलीचे क्रमांक लावा. गुणांचा तपशील भिंतीवर नको. हरकतीला दोन दिवस द्या आणि एक नंबर द्या; तो नंबर वाटप करणाऱ्यांपैकी कोणाचाही नसावा. आलेली प्रत्येक हरकत वहीत लिहा, तिथे जाऊन बघा, उत्तर द्या. ‘नाही’ असले तरी कारणासह.

सावधान: कोणी पुढारी ‘माझ्या ऑफिसात वाटा’ म्हणाला तर नम्रपणे नकार. तिथे जायला लाजणारे किंवा घाबरणारे लोक असतातच.

## ९. सरकारी मदतीशी जुळवा

तुमचे किट आठवडाभर चालेल. घर उभे राहते ते सरकारी पैशाने. म्हणून पंचनाम्याच्या वेळी तुमचा माणूस गल्लीत हवा.

राष्ट्रीय आणि राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या २०२२-२६ च्या निकषांत कपड्यांसाठी २,५०० आणि भांडी-सामानासाठी २,५०० रुपये प्रति कुटुंब होते. पूर्ण पडलेल्या घराला मैदानी भागात १,२०,०००. अंशतः पडलेल्या पक्क्या घराला ६,५००, कच्च्या घराला ४,०००. झोपडीला ८,००० रुपये. राज्य त्यात वेळोवेळी भर घालते. २०१९ मध्ये कर्नाटकाने बाधित कुटुंबाला तातडीचे १०,००० आणि पूर्ण पडलेल्या घराला ५ लाख जाहीर केले होते. दर बदलतात, तेव्हा त्या वर्षीचा आदेश तहसीलदार कार्यालयातून आणून गल्लीत लावा.

तीन ठिकाणी आपले लोक अडकतात.

पहिले, कपडे-भांड्यांच्या मदतीला घर दोन दिवसांपेक्षा जास्त पाण्यात असण्याची अट होती. नाल्याचे पाणी कित्येकदा काही तासांत उतरते. म्हणून पाणी किती आले आणि किती वेळ राहिले हे दाखवायला टप्पा ३ मधली नोंद आणि खडूची खूण, तारीख-वेळेचे फोटो आणि शेजाऱ्यांच्या सह्या उपयोगी पडतात.

दुसरे, कारागिरांना अवजारांसाठी ५,००० आणि कच्च्या मालासाठी ५,००० रुपयांची तरतूद हातमाग आणि हस्तकलेसाठी होती. यंत्रमाग त्यात सरळ बसत नाही. त्यासाठी वेगळे निवेदन, वेगळी यादी, मोटरच्या नंबरसह.

तिसरे, नाव. आधारवर एक स्पेलिंग, बँकेत दुसरे, कन्नड अर्जात तिसरे; पैसे खात्यात पोहोचतच नाहीत. कन्नड नीट लिहिता येणारा एक मुलगा किंवा मुलगी चार दिवस अर्ज भरायला बसवा. याच्याइतके फायद्याचे काम दुसरे नाही. अर्ज दिला की पोच घ्या, तिचा फोटो त्या कुटुंबाच्याच फोनमध्ये ठेवा.

भाडेकरूंना पक्के सांगा: घराची भरपाई मालकाची, पण कपडे-भांडी ज्याची भिजली त्याची. पंचनाम्यात दोघांची नावे वेगळी यायला हवीत. मालक तसे म्हणत नसेल तर तलाठ्यासमोर चुलींची यादी ठेवा.

## १०. वाटप

कुपन आधल्या दिवशी घरी पोहोचवा: चुलीचा क्रमांक, वेळ, जागा. एका तासाला तीस-चाळीस कुटुंबेच बोलवा. ठिकाण दाराशी नको, मोठ्या रस्त्यावर नको. शाळेचे पटांगण बरे. म्हातारे, गरोदर बायका, अपंग यांची वेगळी रांग, आणि ज्यांना येता येत नाही त्यांना घरपोच. सामानाची यादी आणि वजन फलकावर लिहा, म्हणजे कमी मिळाले की लगेच कळते.

फोटो: देणाऱ्याला पावती हवी असते हे खरे. मग सामानाच्या ढिगाचा काढा. किट हातात धरून उभ्या केलेल्या माणसाचा नको. या कारणामुळे न येणारी घरे प्रत्येक वॉर्डात आहेत.

शंभर चुलींना शंभर किट आणू नका, पाच-दहा जास्तीची ठेवा. ‘गेलेले’ पानावरची कुटुंबे परत येतात तेव्हा ती लागतात.

## ११. दोन आठवड्यांनी परत जा

यादीतल्या दर दहाव्या चुलीकडे आणि न मिळालेल्यांपैकी काहींकडे, वाटप न केलेल्या जोडीने जावे. विचारायचे तेवढेच: काय मिळाले, कमी आले का, काय वापरले, काय विकले, काय पडून आहे, कोणी पैसे मागितले का, काम सुरू झाले का, सरकारी पैसे आले का.

तांदूळ विकून औषध आणले असेल तर त्या बाईला बोल लावू नका; पुढच्या फेरीत रोख द्या. ज्यांचा माग, गाडा, दुकान अजून बंद आहे त्यांची वेगळी यादी करून कारखानदार, बचत गट, पतसंस्था यांच्याशी बोला. सरकारी पैसे न आलेल्यांच्या पोचपावत्या एकत्र करून तहसीलदार कार्यालयात एकाच निवेदनासोबत द्या. एकेकट्याने मारलेल्या हेलपाट्यांपेक्षा चाळीस पावत्यांच्या गठ्ठ्याला लवकर उत्तर मिळते.

चुलींची वही मंडळाच्या कपाटात कुलूपबंद ठेवा. पुढच्या मे महिन्यात ती काढून भाडेकरू बदललेत का ते बघा; निघून गेलेल्यांचे फोन नंबर खोडा आणि नव्या चुलींना क्रमांक द्या.